गंगव्वांचं ‘साकु’

सोलापुरात आमच्या भवानी पेठेतल्या गंगव्वांना लिहिता-वाचता येत नाही, आणि गल्लीतल्या पोरांचे निबंध त्यांनी पास केल्याशिवाय शाळेत जात नाहीत.

पद्धत साधी. अव्वा उंबऱ्यात बसून चटणीसाठी शेंगा फोडतात, पोरगं मोठ्यानं वाचतं. कंटाळा आला की त्या म्हणतात, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. ते वाक्य तिथंच खोडायचं. शेजारच्या सातवीतल्या पोरीनं आंब्याला फळांचा राजा म्हटलं, लगेच साकु. "राजाचं ऱ्हाऊ दे. तू शेवटचा आंबा कवा खाल्लीस? तुझी फोड कुणी पळवली? ते लिव्ह की."

मी याद्यांवर चालणारी बाई. निबंध द्यायचा तर माझ्या यादीत समास, नाव, पानांचे क्रमांक आणि झेरॉक्स. अव्वा कुठंच नव्हत्या.

पण माझ्या मेघाला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. अर्जासोबत 'माझं गाव' हा निबंध, आणि त्यावर वसतिगृहातली जागा. जागा नाही मिळाली तर पुणं आम्हाला झेपणारं नव्हतं. माझी यादी बाजूला सारून ती अव्वांकडे गेली. मीही मागोमाग.

पहिल्या पानावर सात साकु. ऐतिहासिक शहर गेलं, चादरींची थोर परंपरा गेली. "माग बंद पडला की तुझा आजा झोपेतनं दचकून उठायचा. ते घाल," अव्वा म्हणाल्या. हे मीसुद्धा विसरले होते.

निबंध लई सुधारला. शेवटी मेघानं वाचलं, "रोज संध्याकाळी मी अव्वांना पेपर वाचून दाखवते. मी गेल्यावर त्यांना कोण वाचून दाखवेल, या विचारानं माझा पाय निघत नाही."

अव्वांनी शेंग फोडली. "साकु."

"अव्वा, खरंय की ते."

"खरं असू दे. तितला सायब म्हणंल, हिचा जीव हितं अडकलाय, ऱ्हाऊ दे तिला सोलापुरातच. खोड."

मेघानं नाक ओढत खोडलं. स्वच्छ प्रत काढली, पाकिटात घातली आणि ती कुरिअरवाल्याकडे गेली. मी यादीवर खूण करून उठले.

"सुनंदा, बस की जरा," अव्वा म्हणाल्या. मी बसले. त्या बराच वेळ टरफलं गोळा करत राहिल्या.

"ते शेवटी खोडलेलं काय होतं गं? परत एकदा सांग की."