सातव्या मजल्यावरची उलटी पावलं

उंच इमारत काळ्या-पांढऱ्या फोटोत कशी पकडावी, हे अख्ख्या चंद्रपुरात आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, अशी मिथुनची खात्री होती. "रंगीत फोटो कोनीबी काढते," तो बायकोला ऐकवायचा. "इमारतीचा खरा रुबाब काळ्या-पांढऱ्यातच दिसते."

जया मान हलवायची आणि भाजी ढवळायची. तिचं माहेर मार्कंड्याजवळचं, वैनगंगेत जाळं टाकणाऱ्यांचं. उंचावर राहणं हे पाखरांचं काम, असं तिचं स्पष्ट मत होतं.

आणि मिथुनला तर मोहर्ली रोडवरच्या नव्या नऊ मजली इमारतीत सातव्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचा होता. फ्लॅट दोघांच्या नावानं, म्हणजे जयाच्या सहीशिवाय गाडी हलणार नव्हती. मग त्यानं आपलं हुकमी हत्यार काढलं. मावळतीच्या उन्हात इमारतीचा फोटो काढला, दाराएवढा मोठा करून आणला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

जया बराच वेळ बघत राहिली. मिथुन मनातल्या मनात पडदे निवडू लागला.

"हा कोन उभा हाये?"

सातव्या मजल्यावर, अजून कठडा न बसलेल्या गॅलरीत, एक माणूस उभा होता. पांढराफटक चेहरा थेट कॅमेऱ्याकडे, ओठांवर हसू.

"असन कोनी मजूर."

"मंग त्याच्या शर्टाले बटनं काऊन नाईत?" जयाचं बोट खाली सरकलं. "अन् तोंड इकडं, तं टाचाबी इकडं काऊन?"

मिथुन वाकला. टाचा खरंच इकडे होत्या. तरी आवाज शाबूत ठेवून तो म्हणाला, "उजेडाचा खेळ हाये."

"उलट्या पायाचा पयलेच राहून राह्यला तिथी. मी नाई येत."

झालं! सही तर गेलीच, वर काळ्या-पांढऱ्याची अब्रूही गेली. दुसऱ्या दिवशी दिवस कलताना मिथुन जयाला घेऊन इमारतीत शिरला, तिचा संशय फेडायला. लिफ्ट सुरू झालेली नव्हती. प्रत्येक मजल्यावर दारांच्या जागी नुसती भोकं, आणि आत अंधार. वर कुठेतरी पाणी ठिबकत होतं. जया त्याच्या मागे होती, पण तिचा श्वासही ऐकू येईना.

सातव्या मजल्यावर, बोळाच्या टोकाशी, तो चेहरा होता. तेच हसू. पापणी लवत नव्हती. आणि तो त्यांच्याकडे येऊ लागला. घाई नाही, एकेक पाऊल, टाच पुढे करून. मिथुननं देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण एकाही देवाचं नाव आठवेना. चेहरा हातभर अंतरावर आला, गर्रकन फिरला, आणि मागे दुसरा चेहरा निघाला.

दुसऱ्या चेहऱ्याला मिशी होती, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता.

"कोन पायजे साहेब?"

तो सुकलू, इमारतीचा चौकीदार. नव्या भिंतींना पाणी मारायचं कामही त्याच्याकडेच, म्हणून पाइप ओढत तो मागे मागे सरकत होता. डोक्यामागे बांधलेला मुखवटा त्यानं सोडून दाखवला. मोहफुलं वेचायला जंगलात जाणारे असाच बांधतात. वाघ-बिबट मागून झडप घालतो, तोंड दिसलं की बिचकतो.

जया हसत सुटली. "माह्या मामाकडं बी हाये असाच. पन भाऊ, इमारतीत काऊन?"

"बाजूच्या झुडपात बिबट हाये ना बाई. दिवस बुडला का आत येते, पार्किंगमंधी बसते. वर अजून नाई आला."

मिथुननं घाईघाईनं जयाचा हात धरला. पण तिच्या चेहऱ्यावरची काळजी पार गेली होती.

"बिबटच हाये ना? मले वाटलं भूत हाये," ती म्हणाली. "सही कुठी कराची?"

आता दोघं सातव्या मजल्यावर राहतात. जया दिवेलागणीला काठी आपटत खाली उतरते, दूध घेऊन येते. मिथुननं मात्र उंच इमारतींचे फोटो काढणं सोडलं. चांगला उजेड नेमका मावळतीलाच असतो, आणि त्या वेळी खाली उभं राहावं लागतं.