विभक्त कुटुंबाचे एकत्र छायाचित्र

माणूस ओळखावा स्वभावावरून आणि फाइल ओळखावी शेपटावरून, हे शहाण्या प्रशासनाचं पहिलं तत्त्व आहे. शेपूट म्हणजे फाइलच्या नावात टिंबानंतर येणारी तीन-चार अक्षरं. आरोग्य खात्याच्या बदली संकेतस्थळाला 'जेपीजी' हे एकच शेपूट मान्य होतं. बाकीच्या शेपटांबद्दल खात्याच्या मनात आकस नव्हता (तसं परिपत्रकच होतं); फक्त त्यांना आत घ्यायचं नाही, एवढंच धोरण होतं.

हाडांच्या वॉर्डातल्या परिचारिकेचं घोडं नेमकं इथेच अडलं. नवरा आणि सहा वर्षांची मुलगी नऊ तासांच्या अंतरावर, आणि ही तीन वर्षं इथे, दुसऱ्यांचे पाय वजनाला टांगत. मुलगी हल्ली फोनवर तिला 'तुम्ही' म्हणू लागली होती. (पाहुण्यांशी अदबीनं बोलावं, असं तिला शाळेत शिकवलं होतं.) त्या दिवशी परिचारिकेनं बदलीचा अर्ज भरला. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती.

अर्जाला एकच पुरावा लागत होता. कुटुंब विभक्त राहत असल्याचं सिद्ध करण्यासाठी कुटुंबाचं एकत्र छायाचित्र. नियमामागचा विचार खोल होता. कुटुंब एकत्र दिसल्याशिवाय ते आहे हे कसं कळणार, आणि नसलेलं कुटुंब विभक्त तरी कसं होणार?

फोटो तिच्याकडे होता. गेल्या सुट्टीत नवऱ्यानं फोन बादलीला टेकवून, दहा आकडे मोजून काढलेला. तो तिरका आला होता, पण तिघंही होते आणि मुलीचा पडलेला दातही मुठीत होता. फोन मात्र नवा, त्याला स्वतःची मतं होती. त्यानं फोटोला 'एचईआयसी' नावाचं शेपूट लावलं होतं. संकेतस्थळ लाल अक्षरांत म्हणालं, 'फाइल अमान्य.'

मग उपाय सुरू झाले. वॉर्डाच्या कारकुनानं फोटो छापला आणि स्कॅन केला. त्याचा पीडीएफ झाला. अमान्य. तिनं संगणकाच्या पडद्यावरच्या फोटोचा फोनवर फोटो काढला. फोननं पुन्हा आपलंच शेपूट लावलं. अमान्य. कारकुनानं नावापुढे स्वतः 'जेपीजी' लिहून पाहिलं. पण संगणक खरं शेपूट पडद्याआड लपवत होता, त्यामुळे फाइल आता दोन शेपटांची झाली. एक्स-रेवाल्यानं सुचवलं, "सिस्टर, तिघांचा एक्स-रे काढू या का? आमच्या फाइली कुठेही चढतात." (खात्याच्या आकडेवारीनुसार फाइल न चढण्याचं प्रमाण एकाहत्तर टक्के होतं. उरलेल्या एकोणतीस टक्के लोकांनी प्रयत्नच केला नव्हता.)

शुक्रवारी चार वाजता तिनं मदत केंद्राला फोन लावला.

"ताई, फोटोत दोष नाही, नावात आहे," पलीकडचा बाबा म्हणाला. "लपलेलं शेपूट दिसेल अशी सेटिंग करा. जुनं शेपूट पुसा, जेपीजी लिहा."

"तेवढ्यानं फोटो बदलेल?"

"फोटो कशाला बदलेल? तो आहे तसाच राहणार."

"मग तिकडे उघडेल का तो?"

"ताई, तुम्हाला चढवायचाय की उघडायचाय?"

प्रश्न बिनतोड होता. तिनं शेपूट पुसलं, नवं लिहिलं, आणि चार वाजून बावन्न मिनिटांनी संकेतस्थळ हिरव्या अक्षरांत म्हणालं, 'अभिनंदन.'

पुढचे वीस दिवस ती रोज संकेतस्थळ उघडून निकाल लागला का ते बघत होती. फोटो उघडणार नाही हे तिला कळून चुकलं होतं. लहान मुलांच्या वॉर्डातल्या तिच्या मैत्रिणीनं तोच अर्ज केला होता. तिच्या संगणक शिकलेल्या दिरानं फोटोचं रीतसर रूपांतर करून दिलं होतं. तिला काय काळजी!

मग निकाल लागला. छाननी अधिकाऱ्यांना हिच्या अर्जात फोटोच्या जागी एक करडा चौकोन दिसला होता. त्यांचा शेरा असा: 'सादर छायाचित्राचे अवलोकन केले असता अर्जदार, पती व अपत्य एकत्र असल्याचे कोठेही दिसून येत नाही. सबब कुटुंब विभक्त असल्याची खात्री पटली. बदली मान्य.'

मैत्रिणीच्या अर्जावरचा शेरा: 'तिघेही एकत्र व हसतमुख दिसतात. विभक्ततेचा प्रश्न उद्भवत नाही. अमान्य.'

चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं हे झालं. परिचारिका ड्रेसिंगच्या खोलीत स्टुलावर बसून आनंदानं रडली, मग मैत्रिणीची आठवण होऊन लाजेनंही रडली.

"रडू नकोस गं," मैत्रीण डोळे पुसत म्हणाली. "जा लेकीकडे. आणि जाण्याआधी मला फोटो बिघडवायला शिकवून जा."

पुढच्या फेरीत खात्याकडे तीनशे चौदा करडे चौकोन आले. विभक्त कुटुंबांबाबत इतका एकमुखी पुरावा यापूर्वी कधी मिळाला नव्हता, असं वार्षिक अहवालात नमूद आहे.

एकाच घरात राहणाऱ्यांकडून मात्र खातं कसलाच पुरावा मागत नाही. ते एकत्र आहेत असं गृहीत धरतं. हे खात्याचे उपकारच समजा. उद्या मागितला, तर घरातली सगळी माणसं एका चौकटीत असलेला तुमचा शेवटचा फोटो कधीचा आहे, ते एकदा फोन उघडून बघून ठेवा. शेपूट कुठलंही चालेल.