मीठ लावलेला मदरबोर्ड

शालूनं बटण दाबलं. कॉम्प्युटर नेहमीसारखा कण्हला नाही, अडखळला नाही, चटकन सुरू झाला. पण टँकरचा प्रोग्राम उघडायला गेली, तर पडद्यावर कालचीच चौकट आली : हे यंत्र ओळखीचं नाही.

"परवापर्यंत तर ओळखत होतास की रे," शालू त्याला म्हणाली.

पडेगावच्या त्या वसाहतीत त्या वर्षी प्लॉट इतके पडले होते, की आपण राहायचं कुठं हे पाण्यालाच कळेना. दुष्काळ असा, की कावळे आभाळाकडं बघायचं सोडून टँकरमागं उडत. टँकर एक, घरं ढीगभर, आणि पाळीवरून रोज भांडणं. शेवटी बायकांनी पाळ्यांचं काम शालूवर सोपवलं. ती दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली, कॉम्प्युटर शिकलेली, आणि गल्लीत कुणाचीच नातलग नाही. म्हणजे वशिल्याची सोयच नाही. सासरी तिचं स्वतःचं असं हे एवढंच होतं.

बाकी घर सासूचं. कस्तुराबाईंचा जन्म मेंढरांमागं गेला होता. आता मागच्या दारी एकच मेंढी उरली होती. बाई वाईट नव्हती, पण तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द काढणं म्हणजे विहिरीतून पाणी काढणं, आणि विहिरी तर सगळ्याच आटलेल्या. शालूच्या मनात एक सल होता. ती सासरी आली त्याच दिवशी सासूनं तिच्या कोऱ्या साडीवर आपली जुनी घोंगडी पांघरली होती आणि दिवस मावळेपर्यंत काढू दिली नव्हती. मेंढरांचा वास तिच्या केसांतून किती दिवस गेला नाही. माहेरी हे सांगताना शालूचे डोळे अजून भरत.

तर, चहूबाजूंच्या बांधकामांची धूळ खाऊन कॉम्प्युटरनं मान टाकली. क्रांती चौकातल्या रामेश्वरनं काल येऊन त्याचा प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलला आणि सगळं सॉफ्टवेअर पुन्हा घातलं. राहिला हा एक प्रोग्राम.

"याला काय झालं?" कस्तुराबाईंनी विचारलं होतं.

"मावशी, हा मशीनला मदरबोर्डावरून ओळखतो. बोर्ड नवा दिसला की म्हणतो, हे माझं नाय."

"म्हंजी वासावरून."

"तसंच समजा. उद्या येऊन बघतो."

कस्तुराबाईंनी सगळं कळल्यासारखी मान हलवली होती.

आता फकिरा टँकर घेऊन फाटकाशी उभा, आणि त्याच्याभोवती बायका.

"पाळी माझी हाय," मालनबाई म्हणाल्या. "शालू, विचार तुझ्या डब्याला."

"डबा रुसलाय, मालनबाई."

"मग पाळ्या माझ्या भाच्याकडं द्या. तो तोंडी सांगतो समदं."

"व्हय, अन् तोंडी रोज तुमचीच पाळी सांगंल," मागून कुणीतरी बोललं.

"लवकर ठरवा," फकिरा म्हणाला. "नळी गळायलीय. तुमचं मिटस्तोवर रस्त्याची पाळी होऊन जाईल."

शालूचा चेहरा उतरला. हे काम गेलं, तर या गल्लीत ती पुन्हा नुसती नवी सून.

तेवढ्यात रामेश्वर आला. त्यानं प्रोग्रामवाल्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सर, मशीन बदललंय. प्रोग्राम नवीन घ्यावा लागेल," पलीकडून एक मुलगी म्हणाली.

"मॅडम, मशीन तेच आहे. आतलं तेवढं बदललंय."

"आतलं बदललं म्हणजे मशीन बदललं, सर."

कस्तुराबाईंनी फोन त्याच्या हातून काढून घेतला. "बाई, नाव काय तुझं?"

"सोनिया."

"कुठली गं?"

"पैठणची, आजी."

"तुझ्या बापाचं ऑपरेशन झालं, आतलं कायबी बदललं, तर घरी आल्यावर तू दार लावून घेशील का?"

पलीकडचा आवाज जरा खाली आला. "आजी, एक करता येईल. जुना बोर्ड आणि नवा बोर्ड, दोन्ही एकाच फोटोत पाठवा. जुन्याचा नंबर दिसला पाहिजे."

रामेश्वरनं कपाळाला हात लावला. "जुना सापडंना मला. भंगारात गेला असंल."

"कुठंच गेला नाय," कस्तुराबाई म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरचा डबा फिरवला. मागच्या अंगाला घोंगडीच्या तुकड्यानं जुना मदरबोर्ड घट्ट बांधलेला होता, आणि त्यावर मीठ चोळलेलं होतं.

"मावशी, हे काय?"

"पोरक्या कोकराला मेंढी जवळ घेत नाय. मग त्याला तिच्याच लोकरीत गुंडाळायचं, मीठ चोळायचं. मिठापायी एकदा चाटलं, की झालं तिचं. दूधबी लावणार होते, पण ते चहाला लागलं."

रामेश्वर हसला नाही. त्यानं डब्याचं झाकण उघडलं. आत नवा बोर्ड, पाठीवर जुना. मीठ फुंकून त्यानं फोटो काढला. थोड्या वेळानं सोनियाकडून प्रोग्राम उघडायचा नवा नंबर आला, तो घातला, आणि प्रोग्राम मुकाट उघडला.

पाळी निघाली द्वारकाबाईची. ती भांडायला आलीच नव्हती. घरी गाढ झोपली होती. तिला उठवायला मालनबाईच गेल्या.

गल्ली पांगल्यावर शालूनं तो तुकडा सोडवला आणि ती थबकली. वास ओळखीचा होता.

"आत्याबाई, ही तीच घोंगडी ना? मला पांघरलेली?"

"व्हय."

"मला का पांघरली होती?"

कस्तुराबाई दाराबाहेर बघत राहिल्या. "कुत्रं भुंकायचं नव्या माणसावर."

"आपल्याकडं कुत्रं कुठंय?"

कस्तुराबाई वैरण घेऊन मागच्या दारी गेल्या. शालू तुकडा मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि बोटांना लागलेलं मीठ तिनं नकळत चाटलं.

कस्तुराबाईंनी ते दारातून पाहिलं. शालू सासरी आली त्या दिवसापासून अडलेलं एक काम हातावेगळं झाल्यासारखं त्या मेंढीला हळूच म्हणाल्या, "झालं गं बाई. चाटलं तिनं."