गुओदादांचा फ्रीजर भरला

संध्याकाळी पाच चाळीसला गल्लीच्या तोंडाशी पियानोची धून वाजली की तैवानमधल्या आमच्या ताइनान शहरात माणसं हातातलं काम टाकून पळत सुटतात. कचऱ्याची गाडी! ती तीन मिनिटं थांबते, वर एक क्षण नाही. पिशवी ज्याची त्याने गाडीत टाकायची. रस्त्यावर ठेवून सटकलात तर दंड. बुधवारी आणि रविवारी गाडीला सुट्टी. नियम हे एवढेच, पण त्यांनी गुओ मिंग-शुन या भल्या माणसाच्या नाकी नऊ आणले.

गुओदादा बहात्तर वर्षांचे. तीस वर्षं शहरात बस चालवली. बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी या-हुइ तैपेईला नोकरीला. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा मोठा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटायला लागला आणि जीभ जड झाली. डोक्यात आख्खं वाक्य तयार असायचं, पण बाहेर यायचा एकेक शब्द, तोही मनधरणी केल्यावर. तीन महिने इस्पितळात काढून घरी आले तेव्हा मुलीने बजावलं, "बाबा, तीन महिने एकटं राहून दाखवा. घर स्वच्छ दिसलं तर राहा इथे. नाहीतर माझ्याजवळच्या वृद्धाश्रमात यायचं. मग कुरकुर ऐकून घेणार नाही."

ती मुदत येत्या रविवारी संपत होती.

दादांचं घर गल्लीच्या पार आतल्या टोकाला. गाडीपर्यंत साठ पावलं. पूर्वी एक मिनिट लागायचं, आता नऊ. धून ऐकली की ते चारपायी काठी टेकत निघायचे आणि कोपऱ्यावरच्या पाण्याच्या मीटरपर्यंत पोचतात न पोचतात तोच गाडी पुढच्या गल्लीत वाजायला लागायची. मग मीटरला टेकून थोडा दम खायचा आणि पिशवी घेऊन घरी परत.

शेजारच्या ल्याओ काकू सकाळी वाट्यांत वाफवलेला तांदळाच्या पिठाचा नाश्ता विकतात. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "द्या हो दादा इकडे ती पिशवी. माझी टाकायचीच आहे, तुमचीही टाकते." दादांनी डोळे असे वटारले की काकू दोन पावलं मागे सरल्या. दुसऱ्याच्या हातात आपलं खरकटं द्यायचं? छे! त्यानंतर कुणी विचारलं नाही. दारही कुणी वाजवलं नाही. जेवणाचा डबा आणणारा माणूससुद्धा तो कडीला अडकवून निघून जायचा. दिवसभरात घरात आवाज एकच, दादांच्या बोलण्याच्या व्यायामाचा. "केळं. खुर्ची. छत्री." समोर भिंत. फार एकटं वाटायचं त्यांना. पण सांगणार कुणाला, आणि सांगायला वेळ लागणार किती!

आता खरकटं घरात ठेवलं तर वास येतो. म्हणून आमच्याकडे सगळे करतात तेच दादांनी केलं: फ्रीजरमध्ये टाकलं. माशाची डोकी, कोंबडीची हाडं, डुकराच्या फासळ्या, सगळं कागदात नीट गुंडाळून. त्यातच व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, 'रोज डाव्या हाताने काहीतरी लिहा.' लिहायचं काय? दादा पुडक्यांवर लिहू लागले. 'मासा'. 'कोंबडी'. 'हाडं'. अक्षर हळूहळू बरंच सुधारलं आणि फ्रीजर गच्च भरला.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात दादांनी कंबर कसली. ठरवलं, आधीच जाऊन उभं राहायचं. पाच वाजताच गल्लीच्या तोंडाशी हजर. सहा वाजले, साडेसहा झाले, गाडी येईना. दोन कुत्री मात्र आली आणि पिशवीकडे बघत शिस्तीत बसली. शेवटी एका शाळकरी मुलीने सांगितलं, "आजोबा, आज बुधवार आहे."

शनिवारी मात्र सगळं जमून आलं. चालणारा हात एकच आणि त्यात काठी, म्हणून पिशवी गळ्यात अडकवली. गाडी आली, दादा बरोबर गाडीच्या पाठीशी. जिंकलेच म्हणा ना! आता पिशवी गळ्यातून काढायची. तर ती निघेना. काठी सोडली तर माणूस पडतो, नाही सोडली तर पिशवी निघत नाही. चारजण मदतीला धावले. दादांना म्हणायचं होतं, 'आभारी आहे, माझं मी करतो.' तोंडातून निघालं, "सरका!" लोक सरकले. तीन मिनिटं संपली, गाडी गेली. दादांनी ड्रायव्हरला शिवी दिली नाही. स्वतःच्या बसमागे धावणाऱ्या एकाही माणसासाठी ते कधी थांबले नव्हते.

रविवारी या-हुइ आली. दादांनी पहाटे उठून फरशी पुसून ठेवली होती. फ्रीजर कोण कशाला उघडतंय, अशी त्यांची समजूत. तिने दहाव्या मिनिटाला उघडला.

"अगंबाई! बाबा!" ती ओरडली. "मासा, कोंबडी, हाडं... आणि हे अक्षर? डाव्या हाताचं?" तिचे डोळेच भरून आले. "मी मेली उगाच झोप घालवून बसले. तुम्ही तर बाजारहाट करून, नावं घालून ठेवताय सगळं!"

"क..." दादा म्हणाले.

"बसा तुम्ही. आज सूप मी करते."

हाडं उकळली, आलं पडलं. वास चांगला सुटला होता, हीच तर पंचाईत. या-हुइने दोन वाडगे भरले आणि म्हणाली, "बाबा, वृद्धाश्रमाचा विषय आजपासून बंद. तुम्ही इथेच राहायचं."

दादांना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्याची तर त्यांना सवयच झाली होती. या-हुइने चमचा उचलला, फुंकर मारली. लहानपणीही ती अशीच गाल फुगवून फुंकायची. दादांनी काठी फिरवली. वाडगा जमिनीवर, सूप भिंतीवर.

"बाबा! काय होतंय तुम्हाला?"

"क... कचरा. तीन... महिन्यांचा."

या-हुइने पातेल्यात पाहिलं. फ्रीजरकडे पाहिलं.

"मी दोनदा मीठ चाखून बघितलंय," ती हळूच म्हणाली.

मग बेसिनकडे धावली. खळखळून चुळा भरून आली आणि भडकली. "काकूंना एक शब्द टाकला असता तर जीभ झडली असती तुमची?"

"लाज... वाटते."

"मग चला माझ्याबरोबर." तिने कपाटावरून बॅग खाली काढली.

दादा उठले आणि बाहेर पडले. काकूंचं दार सतरा पावलांवर होतं. तिथे पोचायला लागला त्याहून जास्त वेळ दार वाजवायला लागला.

"काकू. माझी... पिशवी. मला... नाही... जमत."

"तीन महिने!" काकू कडाडल्या. "तीन महिने तुमची काठी टकटक जाते आणि टकटक परत येते. त्या आवाजाने माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. आणि आज सांगताय? या आत. पोरीलाही बोलवा, उपाशी दिसतेय."

या-हुइ बॅग घेऊन दारात उभी होती. तिने बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "आणखी एक महिना देते. पण फ्रीजर मी येऊन बघणार."

सोमवारी पाच पस्तीसला काकूंनी दार वाजवलं. "पिशव्या मी घेते, पण तुम्ही सोबत यायचंच." दोघं निघाली. आमची गल्ली अरुंद, त्यात दोन्ही बाजूंना स्कूटर उभ्या. मागून आम्ही सातआठ जण पिशव्या घेऊन निघालो होतो. दादांनी खूण केली, पुढे जा. पण कालपरवा झटक्यातून उठलेल्या म्हाताऱ्याला ढकलून पुढे कोण जाणार? "चाला हो दादा, सावकाश," म्हणत आम्ही मागे रांगेत. धून वाजायला लागली तेव्हा वरात मीटरपाशी होती. धून थांबली तेव्हा आम्ही तोंडाजवळच्या लाँड्रीसमोर.

गाडी गेली. गल्लीच्या तोंडाशी आम्ही सगळे पिशव्या धरून उभे. आता घरी जाऊन तरी काय करायचं? कुणी दादांच्या पायाची चौकशी केली, कुणी व्यायामाची. दादांना एकेक उत्तर द्यायला मिनिट मिनिट लागत होतं आणि कुणालाच कसली घाई नव्हती. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. तेवढ्यात या-हुइचा फोन.

"बाबा, गेला का कचरा?"

"नाही."

"नाही? अहो, काल काय ठरलं होतं आपलं?"

"कुणाचाच... नाही... गेला," दादा म्हणाले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बाबा! रडताय का तुम्ही? बाबा?"

काकूंनी फोन हातातून काढून घेतला. "रडत नाहीयेत ग, हसताहेत. तू नंतर कर फोन. आत्ता आम्ही बोलतोय त्यांच्याशी."