लांबी बघून घेतलेली गाडी

जुनी गाडी कशी पारखायची हे मला कोणी शिकवायला येऊ नये! कंपालात, नातेतेच्या रस्त्याकडेला पलंग ठोकण्यात माझी हयात गेली. फळी नुसती बोटानं वाजवून सांगतो, आत कीड आहे का नाही. आणि गाडी म्हणजे तरी काय, चाकं लावलेला पलंगच की! असं मी गाडी घ्यायच्या आधी येईल त्याला सांगायचो. हल्ली कोणी विचारलं तर हवापाण्याचा विषय काढतो.

गाडी लागली ती सासूबाईंपायी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एकदा तर फडकं समजून मांजर उचललं आणि त्यानंच भांडं पुसायला लागल्या. मांजर अजून त्या चुलीकडं फिरकत नाही. कंपालाच्या डोळ्यांच्या इस्पितळानं ऑपरेशनची तारीख दिली, पण बाईंनी लेकीबरोबर निरोप धाडला, जाईन तर जावयाच्या गाडीतून, नाहीतर या डोळ्यांनी बघायचं ते बघून झालंय.

यात चूक माझीच. लग्न ठरवायला गेलो तेव्हा माझ्या बाजूनं बोलणाऱ्यानं भर मांडवात जाहीर केलं होतं, की आमचा कालुंगी सासूबाईंना स्वतःच्या गाडीतून फिरवणार. मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातंय!

आता अडचण बघा. आमच्या बुगांडात सासू-जावई एकमेकांसमोर येत नाहीत. तोंड बघायचं नाही, हात लागायचा नाही, एका बाकावर बसायचं नाही. नियम मोडला की हात थरथरायला लागतात म्हणतात. दुसऱ्या कोणाचं चालून जाईल हो, पण सुताराचेच हात थरथरले तर पलंगाला पाय लावायचे कुणी? आणि सासूबाई तर जुन्या वळणाच्या. मी अंगणात शिरलो की त्या परसात. इतक्या वर्षांत मला त्यांची फक्त पाठ माहीत, तीही पळताना.

मग मी माझी टेप खिशात घातली आणि मुवोंगे दलालाकडं गेलो. त्यानं एक छोटी पांढरी गाडी दाखवली, घड्याळासारखी चालणारी. मी चालकाच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत टेप धरली. छे! एवढ्याशा जागेत माझी शिंकसुद्धा त्यांच्या अंगावर गेली असती. दुसरी मापली, तीही आखूड. तिसरीत टेप धरून पालथा झालो तेव्हा मुवोंगेनं हळूच विचारलं, "मिस्त्री, शवपेटी न्यायचीय का कुणाची?"

"जिवंत माणूस न्यायचंय. एकच."

"एकाच माणसाला एवढी लांबी? आहे तरी किती उंच?"

शेवटी कोपऱ्यात ती दिसली. हिरवी, तीन रांगांची, बसची धाकटी बहीण शोभावी अशी. अंगावर जपानी अक्षरं आणि एक हसरं बदक. टेप लावली, संपता संपेना! वर मागच्या रांगेला शेपटाकडून वेगळं दार. किंमत इतकी कमी की मुवोंगेलाच माझी कीव आली असावी. तो म्हणाला, बॉनेट तरी उघडून बघा. मी म्हटलं, बॉनेट कशाला? तिथं कुणाला बसवायचं नाहीये.

एक गोष्ट तेवढी लक्षात यायला हवी होती. मी बघत होतो तेवढा सगळा वेळ गाडी चालूच होती. मला वाटलं, माणूस हौशी आहे. जाताना त्यानं सल्लाही दिला, गाडी नेहमी उतारावर लावा, मिस्त्री, वारा चांगला लागतो. माझं घर उतारावर, सासुरवाडीही उतारावर. ब्रेक सोडला की गाडी घरंगळतच सुरू व्हायची, त्यामुळं भांडं काही फुटलं नाही.

लाकडाच्या ट्रकवर तरुणपणी चालवायला शिकलो होतो, तेव्हा त्याची चिंता नव्हती. मागच्या रांगेपुढं चादरीचा पडदा ठोकला. आरशात त्यांचं तोंड दिसायला नको म्हणून आरसा छताकडं वळवला. बाहेरचेही दोन्ही फिरवले. बायको, नाबोसा, म्हणाली, "अहो, मागचं काहीच दिसणार नाही तुम्हाला."

"तेच तर पाहिजे," मी म्हणालो. किती अभिमानानं म्हणालो!

गावी पोचलो तर सगळी आळी जमलेली. मी तोंड फिरवून झाडाकडं बघत उभा राहिलो. सासूबाई ठेवणीतला पायघोळ पोशाख, नवी गोमेसी, नेसून आल्या, आणि नाबोसानं नंतर सांगितलं, त्यांनी गाडी पुढून मागपर्यंत हातानं चाचपली. गाय विकत घेताना चाचपतात तशी. मग विचारलं, एवढी लांब कशाला? लेक म्हणाली, तुझ्यासाठीच. त्यावर बाई शेपटाकडच्या दारातून चढल्या आणि आतून ते दोनदा ओढून बघितलं.

वाटेत ल्वेराच्या दलदलीपाशी सासूबाईंना मळमळायला लागलं. मी गाडी थांबवली आणि त्यांना जरा शांतता मिळावी म्हणून इंजिनही बंद केलं. सपाट रस्ता! भरली वाटी ठेवली तरी कलंडायची नाही, इतका सपाट. किल्ली फिरवली, गाडीनं उचकी दिली आणि गप्प. पुन्हा उचकी. मग उचकीही नाही.

नाबोसा वैतागून मोटरसायकलवाल्याच्या मागं बसली आणि मेकॅनिक शोधायला गेली. गेली आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की गाडीत आता मी आणि सासूबाई, आणि मध्ये एक चादर. निरोप सांगायलासुद्धा माणूस नाही. मी श्वास हळू घ्यायला लागलो.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला. "ए गाडे, तुझ्या धन्याला विचार, सकाळी काही खाल्लंय का?"

मी इकडंतिकडं बघितलं. मग स्टिअरिंगकडं वाकून म्हणालो, "गाडे, त्यांना सांग, खाल्लंय."

"गाडे, खोटं बोलतोय तो. पोट वाजलेलं इथवर ऐकू आलं."

केळीच्या पानात बांधलेलं मटोकेचं, म्हणजे वाफवलेल्या कच्च्या केळ्यांचं, गाठोडं सीटखालून सरकत सरकत माझ्या पायाशी आलं. मी खाल्लं. मग गाडीजवळ कबूल केलं, की मी तुझं इंजिन बघितलंच नाही, नुसती लांबी बघितली.

"माहितीये," मागून आवाज आला. "गाडे, शेजारणींच्या जावयांनी इंजिन बघून गाड्या घेतल्या. त्यांच्या सासवा घरीच बसल्यात." थोडं थांबून त्या हळू बोलल्या, "आणि तुला म्हणून सांगते. गाडीची अट मी मुद्दाम घातली. डोळ्याला सुरी लावतात म्हणे. पलंग ठोकणारा माणूस कुठली गाडी घेतोय, असं वाटलं होतं मला. तू आलीस आणि माझी पंचाईत झाली."

मी रिकाम्या पानाची घडी घालत बसलो. तेवढ्यात मागचं दार वाजलं. "गाडे, धन्याला सांग, किल्ली फिरव. मी लोटते."

मी गाडीला नको नको म्हणतोय, तोवर बाई उतरून लोटायलाही लागल्या होत्या! त्यांना बघून रस्त्याकडेला मासे विकणाऱ्या बायका धावल्या, हसत-ओरडत सगळ्यांनी जोर लावला, आणि गाडी खोकत खोकत सुरू झाली. मागचं दार धाडकन लागलं. बसल्या म्हणायच्या! आता थांबलो तर पुन्हा बंद पडणार, नाबोसा येईल मागून. मी पाय दाबला तो सोडलाच नाही.

वाटेत त्या गप्पच होत्या. भीती वाटत असणार, म्हणून मीच बोलायला लागलो. म्हटलं, गाडे, त्यांना सांग, भिऊ नका, मी इस्पितळाच्या दाराशी बसून राहीन. सांग, माझी आई मी लहान असतानाच गेली. दर महिन्याला लेकीबरोबर गाठोडं येतं, ते मी पोरांच्या आधी उघडतो. इतकी वर्षं ज्या हातचं खाल्लं, तो हात मी कधी बघितला नाही. मागून हूं का चूं नाही. मला वाटलं, बाई रडत असतील. मीही थोडं रडून घेतलं.

इस्पितळाबाहेर उतार शोधत बरेच फेरे मारले, मग गाडी लावली. बघतो तर समोर एक मासळीचा ट्रक, आणि त्यातून उतरतेय नाबोसा, रागानं तोंड फुगवून! मी झटकन भिंतीकडं वळलो, कारण तिच्यामागून गोमेसीचं टोक दिसलं होतं.

गाडीचं दार लोटणाऱ्यांतल्या एका कोळणीनं लावलं होतं. सासूबाई रस्त्यावरच राहिल्या होत्या, मेकॅनिक घेऊन परतलेल्या नाबोसाला तिथंच सापडल्या.

ऑपरेशन छान झालं. इस्पितळाच्या वासापेक्षा त्यांच्या अंगाला मासळीचाच वास जास्त होता म्हणे, पण डॉक्टर भला माणूस, काही बोलला नाही. मी कबूल केल्याप्रमाणं दाराशी बसून राहिलो. मी गाडीशी काय काय बोललो ते चुकून नाबोसाला सांगितलं, आणि त्या बाईच्या पोटात काही राहतंय होय!

पट्टी सुटली, घरी न्यायचा दिवस आला. नाबोसा औषधं आणायला गेली होती. सासूबाई शेपटाकडून चढल्या, मी पुढून. पडदा नीट केला.

"गाडे," मागून आवाज आला, "रंग भयंकर आहे तुझा. बरं, त्या दिवशी धनी काहीतरी बोलला म्हणे. मी नव्हते. आता आहे."

मी तोंड उघडलं. घसा खाकरला. पुन्हा उघडलं.

"गाडे," मी म्हणालो, "त्यांना सांग... त्या सीटचा एक खिळा वर आलाय. जपून बसा."

मग पडद्याच्या कडेनं एक हात बाहेर आला, सुरकुतलेला, पानाच्या हिरव्या डागांचा. त्यात गाठोडं. सीटवर ते ठेवून हात लगेच आत गेला.

"गाडे, त्याला सांग, पोचलं."

मी माझे हात बघितले. थरथरत नव्हते. बरं, अगदीच नव्हते असंही नाही. म्हणून घाईघाईनं किल्ली फिरवली.

गाडीनं उचकी दिली. आज उतारावर जागाच मिळाली नव्हती, गाडी सपाटीवर उभी होती. आणि मागचं दार वाजलं. सासूबाई लोटायला उतरल्या होत्या.