केचपची शेड

डॉक्टर बाईंनी माझ्या सासऱ्यांचं केचप बंद केलं आणि ही बातमी त्यांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं म्हणजे मुलगी त्यांची, रिपोर्ट आणायला गेलेली तीच आणि रक्तातली साखर बघून घाबरलेलीही तीच. पण माझी बायको शाळेत गणित शिकवते.

"हे बघा," ती म्हणाली, "मी सांगितलं तर बाबा माझ्यावर रागावतील. तुमच्यावर ते आधीपासूनच रागावलेले आहेत. म्हणजे तुम्ही सांगितलं तर घरातला एकूण राग वाढत नाही."

या मांडणीत मला चूक सापडली नाही. (लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून एकदाही सापडलेली नाही.)

सासरे एका रंगाच्या कारखान्यात शेड, म्हणजे रंगाची छटा, तपासणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. त्यांनी मान डोलावल्याशिवाय तिथून रंगाचा एक डबा बाहेर पडत नसे. निवृत्त झाले, पुढे सासूबाई गेल्या आणि ते आमच्याकडे राहायला आले, ते त्यांची नजर बरोबर घेऊनच. मी कामाला निघालो की माझ्या शर्टाकडे बघून शांतपणे म्हणायचे, "हा निळा नाही." दुकानदारानं मला तो निळा म्हणूनच दिलेला असायचा.

सासूबाई गेल्यापासून त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं होतं. केचप असलं तरच घास खाली उतरायचा. ऑम्लेटवर केचप, ब्रेडवर केचप, उकडलेल्या बटाट्यावर तर बटाटा दिसेनासा होईपर्यंत केचप. ते बंद म्हणजे जेवण बंद, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. फक्त बायकोला वाटत होतं की त्यातून मी काहीतरी मार्ग काढीन.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी नगरपालिकेत मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर कारकून आहे. जावई काय करतात, असं कुणी विचारलं की सासरे सांगतात, "मेल्यावर भेटतात."

तर मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ते बटाट्यावर बाटली उपडी करत होते. त्यांनी मान वर केली.

"काय?"

"काही नाही बाबा," मी म्हणालो. "बटाटा छान उकडलाय."

बाहेर बायको वाट बघत होती. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"ऐकून घेतलं." एकदा तोंड उघडलं की माझं वाहवत जातं. मी पुढे म्हणालो, "घरी केलेलं, बिनसाखरेचं चालेल म्हणाले. मीच करून देतो म्हटलं."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की लग्नात फोटो काढतानाही तसं पाहिलं नव्हतं. झालं. आता केचप करणं भाग होतं. पण त्यात मला एक सोयही दिसली. घरचं केचप त्याच जुन्या बाटलीत भरून ठेवलं, की सासऱ्यांना काही सांगायलाच नको. मुलीला वाटेल वडिलांनी ऐकलं, वडिलांना वाटेल बाटली तीच आहे, आणि मला कुणी काही विचारणार नाही. (नोकरीत माझं असंच चालतं. माझ्या खिडकीवर ज्यांचं काम असतं ते स्वतः कधीच तक्रार घेऊन येत नाहीत.)

कौटुंबिक कारण लिहून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एक क्रेट टोमॅटो घरी आणले. भाजीवाल्यानं विचारलं, "हॉटेल टाकलंय का?" मी नुसता हसलो. त्यानं त्याचा अर्थ हो असा घेतला आणि तळाचे टोमॅटो मला दिले.

टोमॅटो उकडले, साली काढल्या, गाळले आणि मोठ्या पातेल्यात आटवायला ठेवले. केचप आटताना काय होतं हे पाककृती लिहिणारे सांगत नाहीत. आधी बराच वेळ काहीच होत नाही. मग आपण वाकून बघतो. बरोबर त्याच वेळी पातेल्याच्या मधोमध एक बुडबुडा येतो आणि फुटतो. भिंत, छत, चष्मा आणि कॅलेंडरातला चालू महिना लाल झाला. झाकण ठेवलं तर आटत नाही, काढलं तर आपण उरत नाही. शेवटी मी छत्री उघडून, लांब दांड्याच्या डावानं ढवळत उभा राहिलो. सासरे पाणी प्यायला आले, छत्रीकडे बघितलं आणि पाणी न पिताच परत गेले.

क्रेटभर टोमॅटो आटून एक वाटी केचप झालं, तेही पातळ. संध्याकाळी सासऱ्यांनी सवयीनं बाटलीच्या बुडावर थाप मारली, तर सगळं केचप एका दमात ताटात. ब्रेड तरंगायला लागला.

त्यांनी ताट उजेडाकडे तिरकं केलं. "ही बाटली उन्हात ठेवली होती का?"

"का बाबा?"

"विटकरी झालंय."

एवढं बोलून त्यांनी ताट सरकवलं आणि उपाशीच उठले. ते मात्र मला लागलं. म्हातारा माणूस जेवायचा राहिला, तोही माझ्यामुळे. दुसऱ्या दिवसापासून मी इरेला पेटलो. घट्टपणासाठी सफरचंद घातलं, तर घट्ट झालं पण जॅमसारखं लागायला लागलं. ते मोडायला व्हिनेगर घातलं, तर त्यांचे डोळे पाणावले. (मला क्षणभर वाटलं, त्यांना सासूबाईंची आठवण आली.) आंबटपणा मारायला साखर तर चालणार नव्हती, म्हणून खजूर वाटून घातला. लसणाचं एक केलं, भाजलेल्या कांद्याचं एक केलं. रोज एक नवा प्रकार बाटलीत जायचा आणि रोज मी त्यांच्यासमोर बसून घास खाली उतरतोय का ते बघायचो. चवीबद्दल ते काहीच बोलत नसत. रोज एकच म्हणायचे, "रंग गेलाय."

इकडे बायको वडिलांवर खूश होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही इतक्या सहज सोडलंत, मला खरंच कौतुक वाटतं."

माझा चमचा हातातच राहिला. सासरे म्हणाले, "त्यात काय. ज्यात काही राम नाही त्यात गुंतून काय करायचं?"

"पण इतक्या वर्षांची सवय."

"असू दे. सगळी भेसळ होती नुसती."

बायकोनं माझ्याकडे अभिमानानं पाहिलं. सासऱ्यांनी त्याच आठवड्यात सोसायटीच्या कमिटीचा राजीनामा दिला होता आणि ते त्याबद्दल बोलत होते. मला ते कळलं होतं. मी पाणी प्यालो.

मग मला बीट सुचलं.

लाल रंगासाठी देवानं बीटच केलेलं आहे. सोलताना माझे हात कोपरापर्यंत रंगले, तेव्हाच मला कळलं की आता जमलं. सढळ हातानं घातलं. संध्याकाळी सासऱ्यांनी बाटली कलती केली, केचप संथपणे, इज्जतीनं खाली आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. आणि दोन ऑम्लेटं खाल्ली. मग बटाटे खाल्ले. मग ताटाला लागलेलं ब्रेडनं पुसून खाल्लं. त्या संध्याकाळी मी ओटा पुसताना शीळ घालत होतो.

सकाळी सासरे बाथरूममधून बाहेर आले ते भिंतीला धरूनच. खुर्चीत बसले आणि मुलीला हाक मारली.

"लाल होतेय," ते म्हणाले.

"काय लाल होतेय, बाबा?"

"लघवी. गुलाबीकडे झुकणारी लाल. मध्यम गडद." अशा प्रसंगीही त्यांनी शेड नीट सांगितली.

बायको पांढरीफटक पडली. मला सगळं लख्ख कळलं होतं. पण बीट म्हटलं की केचप आलं, केचप म्हटलं की बाटली आली, आणि बाटलीपाशी मी उभा. मी बेतानं सुरुवात केली. "बाबा, काहीतरी खाण्यात आलं असेल."

"मी काय खातो ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं त्याच कंपनीचं केचप खातो. त्यानं कधी असं झालं नाही."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी टॅक्सी बोलावली.

हॉस्पिटलात त्यांना खाटेवर निजवलं, रक्त काढून घेतलं. बायको डॉक्टर बाईंशी बोलायला बाहेर गेली. सासऱ्यांनी मला खूण केली. "जावईबापू, दार लोटा."

मी दार लोटलं.

"तुमच्या ऑफिसात गर्दी असते का?"

"सोमवारी असते, बाबा."

"मग मंगळवारचं बघू." त्यांनी डोळे मिटले. "तुमच्या नोकरीचा घरात कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं."

आता मात्र बोलायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "तुमच्याबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. पण हल्ली बघतोय. मी जेवायला बसलो की तुम्ही समोर येऊन बसता. माझा घास खाली उतरला की तुमच्या जिवात जीव येतो. ही गेल्यापासून माझ्या ताटाकडे एवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं."

त्यांचा आवाज ओला झाला होता. त्या घरात माझ्याबद्दल कुणी सलग इतकी वाक्यं बोललं नव्हतं. सज्जन माणसानं तिथेच कबुली दिली असती. मी आणखी काही येतंय का याची वाट बघितली.

आलंही. "रंगातलं तुम्हाला शून्य कळतं," ते म्हणाले, "पण माणूस म्हणून तुम्ही..."

दार उघडलं आणि डॉक्टर बाई आत आल्या. मागोमाग बायको, रडून नाक लाल झालेली. मी माणूस म्हणून कसा आहे ते राहूनच गेलं.

"रक्त कुठून येतंय ते बघायला हवं," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आत दुर्बीण घालून तपासू."

"कुठून घालायची?" सासऱ्यांनी विचारलं.

त्यांनी सांगितलं. सासऱ्यांनी माझा हात घट्ट धरला.

"बीट," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"केचपमध्ये बीट होतं. रंगासाठी."

"कुठल्या केचपमध्ये?" सासरे म्हणाले.

"घरच्या, बाबा," बायको म्हणाली. "तुम्ही कबूल केलंत ना, यांनी केलेलं खाईन म्हणून?"

"मी? कधी?"

"बाजारचं सोडलं म्हणालात की जेवताना."

"मी कमिटी सोडली."

दोघं एकदम माझ्याकडे वळले. त्या वेळी मला पहिल्यांदा जाणवलं की बायकोचे डोळे अगदी तिच्या वडिलांवर गेलेत. सासऱ्यांनी माझा हात सोडला. झटकला नाही, नुसता बाजूला ठेवला, एखादी नापास वस्तू ठेवावी तसा.

डॉक्टर बाई तेवढ्या शांत होत्या. "निदान साखर तरी घातली नव्हतीत ना?"

"एक कणही नाही," मी म्हणालो. इथे तरी माझी बाजू भक्कम होती. "गोडीला फक्त सफरचंद आणि खजूर."

"खजूर किती?"

"मूठभर."

"कुणाची मूठ?"

मी हात पुढे केला. त्यांनी हाताकडे बघितलं, मग नुकत्याच आलेल्या रक्ताच्या रिपोर्टकडे बघितलं. साखर मागच्यापेक्षा वाढली होती. "बाबांना रोज एक चमचा बाजारचं चालेल," त्या बायकोला म्हणाल्या. "पण यांच्या हातचं अजिबात नको."

परतताना टॅक्सी केली. ड्रायव्हरनं सहज विचारलं, पेशंट कोण आहे, तर दोघांनीही माझ्याकडे बोट केलं.

घरी आल्यावर सासऱ्यांनी बाटली मागितली. मला वाटलं, मोरीत ओतणार. त्यांनी पांढऱ्या बशीत थोडं केचप घेतलं, बोटानं पातळ पसरलं आणि खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"बाबा," मी धीर करून विचारलं, "चव तरी बरी होती का?"

"चवीचं काढू नका," ते म्हणाले. "शेड चांगली आलीय."

दुसऱ्याच दिवशी ते एका डबीत नमुना घेऊन रंगाच्या दुकानात गेले, समोर उभं राहून तंतोतंत तसा रंग बनवून घेतला आणि पेंटरला बोलावून आमचा पुढचा दरवाजा रंगवून घेतला. दरवाजा खरोखरच देखणा झालाय. येणारा प्रत्येक पाहुणा उंबऱ्यातच थबकतो आणि विचारतो, असा रंग कुठे मिळाला.

"मिळत नाही," सासरे सांगतात. "आमच्या जावयांनी घरी केलाय."

"अरे वा. जावई पेंटर आहेत का?"

"नाही," सासरे म्हणतात. "त्यांनी तो जेवायला केला होता."

पाहुणे मग चहासुद्धा नको म्हणतात.