बगारे बैंगन: शंभरपैकी एकेचाळीस

माणसाला जेवल्याशिवाय चालत नाही, हे सर्वमान्य असलं तरी ज्या गोष्टीवर प्रश्नपत्रिका निघत नाही ती गोष्ट लातुरात कुणी मनावर घेत नाही. ही उणीव आमच्या केबल वाहिनीनं भरून काढली. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांसाठी तिनं ‘सुगरण क्रमांक एक’ ही स्पर्धा जाहीर केली. परीक्षा नियंत्रक मी होतो. (मला चहासुद्धा करता येत नाही. त्यामुळे माझ्या निःपक्षपातीपणाविषयी आजवर कुणी ब्र काढलेला नाही.)

बक्षीस होतं मन्मथ सरांच्या वसतिगृहातल्या खानावळीचं वर्षभराचं काम, आणि तिथंच राहायला एक खोली. मन्मथ सर रसायनशास्त्राचे क्लास घेतात. डॉक्टर व्हायला आलेल्या तीनशे चाळीस मुली त्यांच्याकडे राहतात, त्यामुळे त्यांना जेवायलाही घालावं लागतं.

जाहिरात लागल्यापासून पंधरा दिवसांत या स्पर्धेचे अकरा क्लास निघाले. एकात नुसती फोडणी शिकवत, दुसऱ्यात मागच्या वर्षीचे पेपर सोडवून घेत. (स्पर्धेचं हे पहिलंच वर्ष होतं. पण लोकांनी फारच आग्रह धरला, तेव्हा काय करणार.) अर्ज आले अकराशे चाळीस. त्यांतल्या नऊशे जणांनी कधी गॅस पेटवलेला नव्हता. तेवढी सवडच अभ्यासातून मिळत नव्हती.

पहिली फेरी लेखी. नमुन्यादाखल प्रश्न सातवा: मोहरी तडतडल्यावर काय टाकाल? (अ) जिरे (ब) कढीपत्ता (क) दोन्ही (ड) मोहरी तडतडली असं गृहीत धरता येत नाही. अचूक उत्तर ड. ज्यांना रोजचा स्वयंपाक होता त्या बाया इथंच गारद झाल्या. मात्र टीव्हीवर वाफ दिसायला हवी म्हणून स्वयंपाक येणाऱ्यांसाठी एक जागा राखीव ठेवली होती. तीतून कंधारच्या सालेहाबी अंतिम फेरीत आल्या.

सालेहाबींचं माहेर औशाचं. मी नियमाप्रमाणे अनुभव विचारला. भूकंपाच्या वेळी त्यांनी आईसोबत छावणीत अकरा दिवस तीनशे माणसांची देग चढवली होती. मी प्रमाणपत्र मागितलं.

“कोन देनार सर? ज्यांनी खाल्लं, त्यांची घरंच न्हाई राहिली.”

मी ‘अनुभव: निरंक’ असं लिहिलं.

कॅमेऱ्यासमोर त्यांना विचारलं, स्पर्धेत का उतरलात? सगळे जण इथं ‘मराठवाड्याची चव जगभर न्यायची आहे’ असं सांगत (क्लासमध्ये पाठ करून घेतात). या बाई म्हणाल्या, “माझी इकरा ह्याच होस्टेलात हाय. चार महिन्यांत सात किलो उतरली. पान्यावानी वरण खाऊन राहिली लेकरं. काम भेटलं तर तिच्यापाशी राहीन, तिला आन् बाकीच्या पोरींना नीट जेवू घालीन.” मन्मथ सरांनी हे वाक्य कापायला सांगितलं. इकराचे गुण त्याच चार महिन्यांत वाढले होते, हे बाईंनी सांगितलंच नाही.

अंतिम फेरीचा पदार्थ बगारे बैंगन. परीक्षक तीन: भौतिक, रसायन, जीव. चव घेण्याची पद्धत आम्ही मुळातच बंद ठेवली होती, कारण गिळलेला घास फेरतपासणीला देता येत नाही. गुण नमुना उत्तराप्रमाणे.

रेणापूरच्या पुनमची वांगी कच्ची राहिली. पण तिनं पायऱ्या क्रमानं म्हणून दाखवल्या, दाण्याचं कूट बरोबर चाळीस ग्रॅम घेतलं आणि शेवटी भांड्याखाली दोन रेघा ओढल्यासारखा हात फिरवला. ब्याण्णव. सालेहाबींनी वजनकाट्याला हातच लावला नाही. विचारलं तर म्हणाल्या, “वांगी जरा कडू निघाली, म्हून कूट जास्त घेतलं, चिंच जरा वाढवली. चाखून तर बघा, सर.” पायऱ्या नाहीत, प्रमाण नाही, वर अंदाजानं उत्तर. अंदाजाला आमच्याकडे उणे गुण असतात. एकेचाळीस.

चित्रीकरण संपल्यावर कॅमेरावाल्यांनी त्यांचं पातेलं भाकरीनं पुसून काढलं. त्यात दोन भाकरी माझ्या होत्या. इतकं चांगलं मी वर्षानुवर्षांत खाल्लं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं. तसं मी इतिवृत्तात नोंदवलंही, पण निकाल तोवर फलकावर लागला होता.

पुनमनं खानावळ हाती घेतली आहे. नमुना उत्तर तिनं भटारखान्याच्या भिंतीवर चिकटवलं असून वरण आता प्रमाणशीर पातळ असतं.

सालेहाबी त्याच दुपारी वसतिगृहात गेल्या. इकराची पेटी, गादी, बादली घेतली आणि पोरीला घेऊन कंधारची एसटी धरली. मन्मथ सरांनी दारात अडवून समजावलं, की या टप्प्यावर मुलगी नेली तर तिचं करिअर संपलं. त्यावर सालेहाबी म्हणाल्या, “आधी लेकरू तर जितं राहू द्या, सर.” हा मुद्दा अभ्यासक्रमाबाहेरचा असल्यानं सर पुढच्या तासाला निघून गेले.

इकराची जागा रिकामी झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत दोन्ही जिल्ह्यांत पोचली. एका जागेसाठी एकशे बारा अर्ज आले. वाचकहो, त्यांतला सत्तेचाळिसावा तुमचा आहे. अक्षर सुरेख. पालकांना काही विचारायचं असेल तर त्यासाठी आम्ही अख्खं पान कोरं सोडतो. तुम्ही त्यावर एकच ओळ लिहिली आहे: गेलेल्या मुलीच्या नोट्स मिळतील का?